वापरलेल्या तळणीच्या तेलावर रेल्वे खरंच चालते का? मावसभावाच्या बायोडिझेल प्लांटबद्दल सल्ला हवा

घालवाडकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबड लागेल, पण पैशाचा मामला आहे म्हणून सगळं सांगतो.

माझा मावसभाऊ इचलकरंजीत फरसाणाचं काम करतो. शेव, पापडी, भावनगरी, दिवाळीत चिवडा. तळणीचं काळं पडलेलं तेल डब्यांत साठवतो आणि महिन्याला एक साबणवाला येऊन घेऊन जातो. भाव तो म्हणेल तो. गेल्या पंधरवड्यात एक एजंट येऊन बसला. म्हणे साबणवाल्याला कवडीमोलानं कशाला देताय? दहा-बारा फरसाणवाले, हॉटेलवाले एकत्र या, बायोडिझेलचा प्लांट टाका. मशिनरी आमची, माल सगळा रेल्वे उचलणार, कराराचं आम्ही बघतो. वर मावशीलाही गळ घातली की हातकणंगल्याच्या अंगाला तुमचं माळरान पडून आहे, तिथं मोगली एरंड लावा, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, बियांचं तेलही प्लांटला चालतं.

मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. स्वीडनमध्ये बायोगॅसवर पळणारी गाडी, जपानात रामेन नावाच्या सुपाच्या चरबीवर चालणारी गाडी, फ्रान्समध्ये कसल्याशा गळिताच्या तेलावरची. मावशीनं ते बघितलं आणि आता जागा तारण ठेवायच्या गोष्टी सुरू झाल्यात.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागाला आहे. रेल्वेतलं मला शून्य कळतं, पण कागद न दाखवता ‘माल आम्ही उचलतो’ म्हणणाऱ्यांच्या फायली रोज बघतो. आपल्याकडं रेल्वे हे तेल घेते का? बाहेरच्या देशांत काय चाललंय? जाणकारांनी सांगावं.


मिरज_जंक्शन

भावा, मिरजेत येऊन वर बघ. तारा दिसतील. पुण्याकडं जा, कोल्हापूरकडं जा, पंढरपूरकडं जा, सगळीकडं वायर. आता डिझेल इंजिन शंटिंगला दिसलं तर आम्ही फोटो काढतो. रेल्वे तुझ्या भावाचं तेल घेऊन काय भजी तळणार?


निवृत्त_डिझेलवाला

मिरजकरांनी निकाल एका ओळीत लावला. तरी जागा तारण ठेवायची वेळ आलीय तर नीट सांगायला हवं.

घालवाडकर, ते व्हिडिओ खरेच असणार. त्या गाड्या खरोखर धावल्या आहेत. त्यावरून ‘रेल्वे तुमचा माल उचलणार’ हे कसं निघालं, ते मात्र एजंटालाच ठाऊक. माझी सगळी नोकरी डिझेल लोको शेडमध्ये गेली, बहुतेक अल्को इंजिनांवर आणि शेवटी थोडी ईएमडीवर (दोन्ही मूळ अमेरिकी घडणीची डिझेल इंजिनं). म्हणून आधी आपल्या घरचं सांगतो.

बायोडिझेल आपल्या रेल्वेला नवीन नाही. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली–अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली. मग रुळांकडेच्या पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायची टूम निघाली. इंडियन ऑइलशी करार झाला, गुजरातेत सुरेंद्रनगरकडे रेल्वेच्या जमिनीवर लागवड ठरली. पर्यायी इंधनांसाठी रेल्वेने दिल्लीत वेगळी संस्था काढली. रायपूर आणि चेन्नईला स्वतःचे बायोडिझेल कारखाने उभारायला घेतले. २०१५ साली आपल्या कोकणातले सुरेश प्रभू मंत्री असताना इंजिनांच्या डिझेलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायचं धोरण आलं. तेव्हा तुमचा एजंट आला असता तर त्याच्या बोलण्यात काही तरी दम होता.

पण त्याच काळात वायर ओढायचं काम सपाट्याने सुरू झालं. २०२१ मध्ये ती पर्यायी इंधनांची संस्था बंद केली. २०२२ ला कोकण रेल्वे पूर्ण विजेवर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड–लातूर रोड हा उरलेला तुकडा झाला आणि मध्य रेल्वेचा सगळा ब्रॉडगेज वायरखाली आला. डिझेलच लागेनासं झालं तर त्यात मिसळायला ५ टक्के तरी कशाचे घेणार?

आता इंजिनाचं. लोक विचारतात, बायोडिझेलने इंजिन बिघडतं का. ५ टक्क्यांना इंजिनाला पत्ताही लागत नाही. २० टक्क्यांलाही फारसं काही होत नाही. त्रास होतो तो टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर. अल्कोची टाकी ५,००० लिटरची. वर्षानुवर्षं डिझेल भरून तिच्या बुडाला आणि कडांना चिकट गाळ धरलेला असतो. साध्या डिझेलमध्ये तो जिथल्या तिथे बसून राहतो. बायोडिझेल मात्र त्याला धुऊन काढतं आणि तो सगळा गाळ प्रायमरी फिल्टरात येऊन अडकतो. एका शेडमध्ये (कुठलं ते विचारू नका) मिश्रण वाढवून चाचणी सुरू केली आणि टाक्या आधी साफ केल्याच नाहीत. इंजिन लाइनवर गेलं, ड्रायव्हरचा निरोप आला, ‘लोड घेत नाही, फ्युएल प्रेशरचा काटा खाली येतोय.’ परत आणून फिल्टरचं भांडं उघडलं तर आतला एलिमेंट डांबरात बुचकळून काढल्यासारखा. बदलला, दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. गाळ संपला तशी तक्रार संपली, पण तोवर कंट्रोलवाल्यांनी आमचे पूर्वज उद्धरून झाले होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. बायोडिझेल हवेतली ओल डिझेलपेक्षा जास्त धरतं. पावसाळ्यात साठवणीच्या टाकीत खाली पाणी साचतं आणि पाणी नि तेलाच्या सीमेवर शेवाळासारखा बुळबुळीत थर वाढतो. तो पुन्हा फिल्टरातच येणार. जुन्या रबराच्या होजपाइपा आणि गास्किटं फुगतात, मऊ पडतात, त्या बदलाव्या लागतात. यातलं काहीच असाध्य नाही. माणसं, वेळ आणि सुटे भाग दिले की जमतं. पण शेडला ते देण्याइतका फायदा व्हायला हवा ना?

आणि हिशेब बघा. अठरा डब्यांची गाडी ओढताना डिझेल इंजिन किलोमीटरला साधारण चार लिटर पितं. पुणे–कोल्हापूर ३२६ किलोमीटर, म्हणजे एका बाजूला तेराशे लिटर. तुमच्या मावसभावाचा १५ किलोचा तेलाचा डबा म्हणजे सोळा-साडेसोळा लिटर. म्हणजे ऐंशी डबे, एका गाडीला, एकदा कोल्हापूरला पोचायला. यायचे वेगळे. शिवाय लिटरमागे बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के ऊर्जा कमी, म्हणजे डबे आणखी थोडे वाढवा. पूर्वी मिरज लाइनला दिवसात किती गाड्या डिझेलवर होत्या ते मिरजकर सांगतील.

शेवटचं, आणि तुमच्या कामाचं. रेल्वेची इंजिनं ज्या डेपोवर डिझेल भरतात त्याला आरसीडी म्हणतात. तिथं पुरवठा तेल कंपन्यांकडून होतो. बाहेरचा माल घ्यायचा तर जाहीर निविदा निघते. एजंट पाठवून रेल्वे तेल गोळा करत नाही.


लिनशोपिंगकर_मृणाल

स्वीडनच्या गाडीबद्दल मी सांगते, मी त्याच गावात राहते. आले तेव्हा शहरातल्या बस बायोगॅसवर चालतात हे कळलं आणि पहिले काही दिवस थांब्यावर उगाच वास घेत उभी राहायचे. वास येत नाही!

त्या गाडीचं नाव अमांडा. २००५ साली लिनशोपिंग ते वेस्टरविक या मार्गावर सुरू झाली. नवीन गाडी नव्हती, जुना फियाटचा डिझेल रेलकार होता. त्याची इंजिनं काढून व्होल्वोच्या बसची दोन गॅस इंजिनं बसवली आणि खाली गॅसच्या टाक्या लावल्या. खर्च १ कोटी क्रोनर. ५४ प्रवासी, एकदा गॅस भरला की ६०० किलोमीटर, ताशी १३० पर्यंत वेग. गॅस येत होता तो मुख्यतः कत्तलखान्यातल्या टाकाऊ भागांपासून. एका गाईच्या आतड्या-कोठ्यावर गाडी चार किलोमीटर जाते असा हिशेब तेव्हाच्या बातम्यांत छापून आला होता. मी तो एकदा फोनवर आईला सांगितला, तिने विषय बदलला.

व्हिडिओत नसतं ते असं, की डबा एकच होता. पहिला आणि शेवटचा. पुढे तो बंद झाला आणि दुसरा कोणी केला नाही. बस मात्र इथे अजून बायोगॅसवर आहेत. डेपो शहरात, गॅसचा कारखाना शहराशेजारी, रोज रात्री बस डेपोत येऊन नळीला लागतात. रेल्वेच्या एका डब्यासाठी गॅस भरायची वेगळी सोय, वेगळी देखभाल, वेगळे सुटे भाग सांभाळणं कोणाला परवडेल? शिवाय स्वीडनच्या मुख्य मार्गांवर वीज केव्हाचीच आहे. डिझेलच्या बाजूला उरल्यात त्या असल्या कमी गर्दीच्या फाट्यांच्या लाइनी.


निवृत्त_डिझेलवाला

मृणालताई, झकास. ‘डबा एकच होता’ हे माझं चार परिच्छेदांचं काम तुम्ही तीन शब्दांत केलंत.

बाहेरच्या देशांचं आता मी सांगतो. शेडमध्ये असताना मला याचं वेड होतं, रात्रपाळीला कंट्रोलरूममध्ये परदेशी मासिकं वाचत बसायचो. माझं एक मत झालंय, पटलं तर बघा. गाडी कधी तेल शोधत फिरली नाही, तुंबलेला मालच गाडी शोधत आला. जिथं ज्या मालाचा ढीग झाला, तिथं तो इंजिनात गेला. १९३० च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले तर ब्राझीलवाल्यांनी समुद्रात फेकून उरलेली कॉफी रेल्वे इंजिनांत जाळली. दुसऱ्या महायुद्धात जहाजं येईनात तर अर्जेंटिनाने कोळशाच्या जागी मका घातला. आत्ताचं जरा सभ्य भाषेत चालतं, पण गणित तेच.

अमेरिका घ्या. २०१० साली अ‍ॅमट्रॅकने (तिथली प्रवासी रेल्वे कंपनी) ओक्लाहोमा सिटी ते फोर्ट वर्थ धावणारी हार्टलँड फ्लायर वर्षभर २० टक्के बायोडिझेलवर चालवली. तेल कशाचं? टेक्ससच्या गाईबैलांच्या चरबीचं. तो मुलुखच गुराख्यांचा. इंडोनेशियात पामचा ढीग, म्हणून सरकारने देशातल्या सगळ्या डिझेलमध्ये पामचं बायोडिझेल सक्तीचं केलं. २०२३ ला ३५ टक्के, २०२५ पासून ४० टक्के. तिथल्या रेल्वेला कोणी विचारलं नाही, पंपात जे येतं ते इंजिनात जातं. आता ४० टक्के म्हणजे फिल्टरवाल्याची काय अवस्था होत असेल ते माझ्यासारख्यालाच कळेल. जंगल तोडून पाम लावलं तर यात पर्यावरणाचं भलं किती, हा वेगळा तंटा आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीन, तिथली सक्ती २०२५ ला १५ टक्क्यांवर गेली.

फ्रान्सची गाडी पॅरिस–ग्रानव्हिल मार्गावरची. २०२१ पासून तिथल्या १५ गाड्या निव्वळ रेपसीडच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालवल्या. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीच्या जातीतलंच. फ्रान्समध्ये रेपसीड भरपूर पिकतं आणि तिथल्या तेलबियांच्या बड्या समूहानेच ते इंधन बाजारात आणलंय. गाड्या मोजक्या, मार्ग एक, इंधन भरायची जागा ठरलेली, त्यामुळे जमलं.

जपानची मला सगळ्यात आवडते. क्यूशू बेटावर ताकाचिहोला एक जुनी लाइन २००५ च्या वादळात वाहून गेली आणि मग बंदच झाली. उरलेल्या तुकड्यावर आता उघड्या डब्यांची छोटी गाडी पर्यटकांना घेऊन जाते, १०५ मीटर उंच पुलावरून. २०२२ पासून तिच्या टाकीत तळणीच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल असतं, ९० टक्के तेम्पुराचं (म्हणजे जपानी भज्यांचं) तेल आणि १० टक्के रामेनच्या सुपावरची डुकराची चरबी. चरबी कमी का, तर ती थंडीत थिजते. धुराला फोडणीच्या भातासारखा वास येतो म्हणे. पण ती जत्रेतल्या गाडीची थोरली बहीण. तिला दिवसाला लागणारं इंधन आमच्या इंजिनाने शेडच्या दारात उभ्या उभ्या जाळलं असतं. अमेरिकेत डिस्नेलँडमधली वाफेची इंजिनंसुद्धा हॉटेलांतल्या तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालतात. तिकीट काढणाऱ्याला तिथं इंधनाच्या भावाशी देणंघेणं नसतं.

एक फरक मावसभावाला जरूर समजावून सांगा, कारण एजंट तिथंच हातचलाखी करतो. युरोपात हल्ली रेल्वेवाले ज्याचं कौतुक करतात ते बायोडिझेल नव्हे, एचव्हीओ, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं वनस्पती तेल. जर्मनीत झिल्ट बेटावर गाड्यांवर मोटारी चढवून नेतात, ती लाइन विनावायरची, तिथं २०२२ पासून एचव्हीओ. इंग्लंडातले मालगाडीवाले, नेदरलँड्समध्ये खोनिंगेनकडच्या गाड्या, तिथंही तेच. कच्चा माल तोच, वापरलेलं तेल आणि चरबी. पण ते रिफायनरीत मोठ्या दाबाखाली हायड्रोजनबरोबर शिजवतात. तेलातला ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो आणि उरतं ते जवळजवळ डिझेलच. ते ओल धरत नाही, थंडीत थिजत नाही, रबर खात नाही, फिल्टर चोंदवत नाही. शेडवाल्याला काही बदलावंच लागत नाही. मला विचाराल तर शेडवाल्यांनी हे दोन्ही हातांनी घ्यावं. पण ते इचलकरंजीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये होत नाही. तिथं होतं ते मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून केलेलं साधं बायोडिझेल.


को_जन_सी_शिफ्ट

साखर कारखान्यात वीजनिर्मितीला आहे, रात्रपाळीत लिहितोय. डिझेलवाले काका, तुम्ही जावाची बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारी इंजिनं विसरलात!

इंडोनेशियातच जावा बेटावर साखर कारखान्यांच्या छोट्या रुळांवर वाफेची इंजिनं अगदी अलीकडेपर्यंत होती. ऊस ओढून आणायचा आणि त्याच उसाचा बगॅस बॉयलरात घालायचा. बगॅसच्या गाठी बांधून टेंडरवर (इंजिनामागच्या इंधनाच्या डब्यावर) रचलेल्या, एक माणूस वर बसून एकेक गाठ खाली फेकतोय, दुसरा ती भट्टीत ढकलतोय. ठिणग्या इतक्या उडायच्या की धुराड्यावर भला मोठा फुगा बसवलेला असायचा. व्हिडिओ मिळतात, रात्रपाळीत आम्ही बघतो.

पण मुद्दा वेगळा. एक टन ऊस गाळला की २८०-३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो इंजिनात कोंबायचे दिवस गेले. आम्ही तो बॉयलरात जाळतो, टर्बाइन फिरवतो, कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला देतो. रेल्वेचं सबस्टेशन त्याच ग्रिडवरून वीज घेतं. म्हणजे हंगामात कोल्हापूरहून निघालेल्या गाडीत थोडा तरी ऊस असतोच की. कुठला इलेक्ट्रॉन कुठं गेला हे कोणी सांगू शकत नाही, आणि बिलावरही तसं लिहून येत नाही, पण बायोएनर्जीवर रेल्वे चालवायचा आपल्याकडचा खरा रस्ता मला हाच वाटतो. मार्च-एप्रिलला गाळप संपलं की आमचा बगॅसही संपतो, ही त्यातली अडचण.


निवृत्त_डिझेलवाला

सी शिफ्ट, मान्य. आणि डिझेल इंजिनात तेल जाळण्यापेक्षा हे बरं, कारण चोथा जाळताना कोणाच्या ताटातलं तेल जात नाही. फक्त हंगामाबाहेरच्या सात महिन्यांचं तुमच्या एमडींना विचारून सांगा.


घालवाडकर

सगळ्यांचे आभार. काकांची पोस्ट मावसभावाला मोठ्यानं वाचून दाखवली. ऐंशी डब्यांपाशी तो गप्प झाला. त्याचे महिन्याचे डबे त्याच्या निम्मेसुद्धा भरत नाहीत.

आता दोन गोष्टी सांगा. रेल्वे नाही तर त्या तेलाला दुसरं गिऱ्हाईक कोण? आणि माळावरच्या एरंडाचं काय? मावशीचा जीव त्यातच अडकलाय. एजंट म्हणतो रोपं फुकट देतो.


निवृत्त_डिझेलवाला

आधी एरंड. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोठी योजना मांडली होती की देशभर मोगली एरंड लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल आणायचं. झालं नाही. मोगली एरंडाला पाणी लागत नाही म्हणजे तो पाण्यावाचून मरत नाही, एवढंच. शेंगा धराव्यात असं वाटत असेल तर पाणी, खत, छाटणी सगळं द्यावं लागतं. आणि शेंगा एकदम पिकत नाहीत, हाताने निवडून तोडाव्या लागतात, मजुरी बियांच्या भावापेक्षा जास्त जाते. बी विषारी, पेंड जनावरांना चालत नाही. रुळांच्या कडेला लावलेली झुडपं आम्ही बघितली आहेत, मावशींना सांगा माळ आहे तसा राहू द्या. फारच हौस असेल तर करंज लावा, सावली तरी मिळेल.

तेलाला गिऱ्हाईक आहे आणि साबणवाल्यापेक्षा बरं आहे. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढतात ते) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा तळायला वापरता येत नाही. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची रुको नावाची योजना आणली. त्याखाली नोंदणी झालेले गोळा करणारे लोक आहेत, ते दारातून तेल उचलतात आणि पावती देतात. फरसाणवाल्याला ती पावती तपासणीच्या वेळीही कामाला येते. दोघातिघांकडून भाव मागवा.

आणि हे तेल आता विमानवाल्यांना हवंय. २०२७ पासून इथून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात १ टक्का जैव इंधन घालायचं सरकारी उद्दिष्ट आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या तेलापासून असं इंधन बनवायचं प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं. विमानाला वायर ओढता येत नाही, त्यामुळे ते गिऱ्हाईक टिकणारं आहे. येत्या काळात काळ्या तेलाचा भाव चढलेला मला तरी नवल वाटणार नाही. मावसभावाने डबे नीट झाकून, पाणी न जाऊ देता, मसाल्याचा गाळ कापडातून गाळून ठेवले तर भाव आणखी बरा येईल.

एवढं सांगूनही प्लांटच टाकायचा असेल तर हे बघून ठेवा. मिथेनॉल विष आहे आणि पेट्रोलसारखं पेट घेतं, साठवायला परवाने लागतात. फरसाणाच्या भट्टीशेजारी तर त्याचं नावही नको. काळ्या तेलात आम्लं जास्त असतात, त्यात थेट कॉस्टिक घातलं तर बायोडिझेलऐवजी साबण होतो, म्हणून आधी आम्लाची एक वेगळी पायरी करावी लागते. एजंटाच्या मशिनीत ती आहे का विचारा. शंभर किलो तेलामागे दहाएक किलो ग्लिसरीन खाली बसतं, मिथेनॉल-कॉस्टिक मिसळलेलं, तपकिरी. ते गटारात सोडता येत नाही आणि त्या अवस्थेत कोणी धड भावही देत नाही. तयार माल आयएस १५६०७ या मानकाला उतरला पाहिजे. त्यात ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते तो, शंभर अंशांच्या वर हवा. मिथेनॉल नीट काढलं नसेल तर तो धाडकन खाली येतो, म्हणून एजंटाच्या दुसऱ्या कुठल्या चालू प्लांटचा प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि ज्वलनबिंदूची ओळ आधी वाचा. चालू प्लांट दाखवायला तो तयार नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

तारण मात्र तुम्ही बँकेत बसून थांबवा. ते माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.


मिरज_जंक्शन

काका, मिरज लाइनच्या डिझेल गाड्यांचा आकडा आमच्या ग्रुपवर काढतोय. जुनी वेळापत्रकं एकाकडे आहेत, तो देईना. मिळालं की टाकतो.


घालवाडकर

एजंटाला चालू प्लांट दाखवा म्हणालो. म्हणाला राजस्थानात आहे, जायचा-यायचा खर्च तुमचा. मावसभावानं रुकोवाल्या दोघांचे नंबर काढलेत, पुढच्या आठवड्यात एकजण डबे बघायला येतोय. भाव काय आला ते इथंच लिहितो. मावशी करंजाला तयार आहे, रोपं कुठं मिळतील तेवढं कोणी सांगा.